युद्ध संपलेल्या देशात शेतजमीन घ्यावी का? चिकोडी भागातल्या ऊस बागायतदारांना उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. चिकोडी आणि रायबाग तालुक्यांतल्या काही ऊस बागायतदारांनी एकत्र येऊन परदेशात शेती करायचं मनावर घेतलंय. एका मध्यस्थाने त्यांना मोझांबिकमधली नदीकाठची एक हजार हेक्टर जमीन दाखवली आहे. पट्टा ५० वर्षांचा, भाडं नाममात्र, आणि संरक्षणाची हमी सरकारची. मध्यस्थ म्हणतो, "तिथलं युद्ध कधीच संपलंय, आता स्वस्तात मिळतंय तोवर घ्या." मंडळींनी विचारलंय: जुन्या युद्धाचा आजच्या व्यवहाराशी खरंच काही संबंध उरतो का? आणि आपल्याकडे परदेशी माणसाला गुंठाभर शेतजमीन घेता येत नाही, मग ते देश आपल्याला हजारो एकर कसे काय देतात?

मी बेळगावात जमिनीचे दावे चालवतो आणि परदेशात शेती करायला निघालेल्या कंपन्यांचे, शेतकरी गटांचे करारही तपासून देतो. उत्तर आधीच सांगतो: विसाराचा एक रुपयाही आत्ता देऊ नका. युद्ध संपलेल्या देशात जमिनीचा प्रश्न युद्ध संपल्यावरच सुरू होतो.

का, ते सांगतो. लढाई गावावर आली की माणसं घरदार सोडून पळतात. काही शेजारच्या देशात छावणीत राहतात, काही शहराच्या कडेला झोपड्या टाकतात. मागे राहिलेल्या शेतात झाडोरा वाढतो. कचेऱ्या जळलेल्या असतात, किंवा त्या शेताचा कागद मुळात कधी झालेलाच नसतो. पुढे शांतता होते, सरकारला परकीय चलन हवं असतं, कोणीतरी नकाशावर बोट ठेवून म्हणतं, इथे कोणी राहत नाही. त्या देशात जमिनीची मालकी कायद्यानेच सरकारची असेल तर विचारायलाच नको. पट्टा निघतो, तुम्ही ट्रॅक्टर घेऊन पोचता. आणि दोनचार वर्षांत, कधी त्याच हंगामात, छावणीतली माणसं परत यायला लागतात. त्यांच्या आजोबांची थडगी तुमच्या उसाच्या फडात असतात.

भाडं नाममात्र असतं ते यामुळेच. चिकोडीत बागायत जमीन खंडाने घ्यायला काय मोजावं लागतं ते तुम्हाला ठाऊक आहे. नदीकाठची, सपाट, काळी जमीन जगात कुठेही फुकट नसते. तशी ती मिळत असेल, तर उरलेली किंमत पुढे कधीतरी दुसऱ्या मार्गाने वसूल होणार असते.

याचं सगळ्यात जवळचं उदाहरण आपल्याच राज्यातल्या कंपनीचं आहे, आणि ते नीट समजून घ्यावं असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. बंगळूरची करुतुरी ग्लोबल ही गुलाबाच्या फुलांच्या धंद्यातली मोठी कंपनी. २००७-०८ मध्ये जगभर धान्याचे भाव भडकले, तेव्हा अनेक देशांच्या आणि कंपन्यांच्या नजरा आफ्रिकेच्या जमिनीकडे वळल्या. इथिओपिया सरकारने २०१० मध्ये करुतुरीला गांबेला प्रांतात एक लाख हेक्टर, म्हणजे जवळजवळ अडीच लाख एकर जमीन ५० वर्षांच्या पट्ट्याने दिली. भाडं वर्षाला हेक्टरी २० बिर (तिथलं चलन), त्या वेळच्या दराने दीड डॉलरच्याही आत.

त्या करारात एक कलम आहे. पट्टेदाराला शांतपणे कब्जा उपभोगता येईल, आणि दंगा, गडबड किंवा अशांतता झाल्यास त्याने मागणी करताच सरकार पुरेसं संरक्षण विनामूल्य पुरवील, अशा अर्थाचं. वरवर वाचलं तर कोणाही गुंतवणूकदाराला आनंद व्हावा असं ते कलम. पण जमिनीच्या व्यवहारात मुरलेला माणूस तिथेच थांबायला हवा. ओसाड, निर्वेध म्हणून दिलेल्या जमिनीच्या करारात फुकट फौजेची हमी कशासाठी लिहावी लागली?

उत्तर गांबेलाच्या इतिहासात होतं. तो प्रांत दक्षिण सुदानच्या सीमेला लागून आहे. सुदानमधलं यादवी युद्ध १९८३ ते २००५ चाललं, त्यातले निर्वासित तिथे येत राहिले. १९८४-८५ च्या दुष्काळानंतर तेव्हाच्या लष्करी राजवटीने डोंगराळ भागातली हजारो कुटुंबं गांबेलात आणून वसवली. तिथले मूळचे अनुआक लोक स्वतःच्याच भूमीवर कोपऱ्यात ढकलले गेले. नुएर समाजाशी त्यांचा कुरणांवरून आणि पाण्यावरून झगडा होताच. डिसेंबर २००३ मध्ये गांबेला शहरात अनुआक लोकांची कत्तल झाली. तिच्यात सैनिकही सामील होते असे आरोप झाले. हे सगळं पट्टा होण्याच्या जेमतेम सात वर्षं आधीचं. पट्टे दिले जात होते त्याच काळात सरकारने विखुरलेल्या वस्त्या हलवून लोकांना नव्या गावांत एकत्र बसवण्याची योजना चालवली. सरकार म्हणत होतं की शाळा, दवाखाने देता यावेत म्हणून. लोक म्हणत होते की जमीन मोकळी करायला.

एप्रिल २०१२ मध्ये त्याच प्रांतात सौदी स्टार या दुसऱ्या कंपनीच्या भातशेतीवर बंदूकधाऱ्यांनी हल्ला करून किमान ५ जणांना मारलं. करुतुरीचं नुकसान आधी निसर्गाने केलं. बारो नदीच्या पुरात मक्याचं उभं पीक गेलं. नदीचं पाणी कुठवर चढतं हे तिथल्या कोणाही म्हाताऱ्याने सांगितलं असतं, पण त्याला विचारायचं तर तो तिथे आहे हे आधी मान्य करावं लागतं. २०१५ च्या अखेरीस सरकारने पट्टा रद्द केला. कारण दिलं की एवढ्या जमिनीपैकी १,२०० हेक्टरच लागवडीखाली आणली. पुढच्याच वर्षी, एप्रिल २०१६ मध्ये, सीमेपलीकडून आलेल्या टोळ्यांनी गांबेलात २०० च्या वर माणसं मारली आणि मुलं पळवून नेली.

या सगळ्यातून मला एकच गोष्ट तुमच्या मनावर ठसवायची आहे. सरकारी बंदोबस्त हा शेतीचा बंदोबस्त नसतो. ज्या सैनिकांबद्दल लोकांच्या मनात कत्तलीची आठवण आहे, तेच तुमच्या फाटकावर उभे राहिले की त्या लोकांच्या लेखी तुम्ही त्या भांडणातले एक पक्षकार झालात. तुम्ही आलात ऊस लावायला. त्यांना दिसतं की फौज परत आली आणि या खेपेला सोबत ट्रॅक्टर आहेत. म्हणून करारात संरक्षणाचं कलम जितकं भक्कम, तितकं मी त्या जमिनीच्या इतिहासात जास्त खोल जातो.

आता तुमच्या मोझांबिककडे येतो. पोर्तुगिजांकडून १९७५ मध्ये स्वतंत्र झालेला हा देश. जमीन सरकारच्या मालकीची झाली, पोर्तुगीज मळ्यांचे सरकारी मळे झाले. १९७७ पासून १९९२ पर्यंत फ्रेलिमो पक्षाचं सरकार आणि रेनामो ही बंडखोर संघटना यांच्यात यादवी चालली. झांबेझी खोऱ्यातले जुने साखर कारखाने त्यात बंद पडले. मारोमेउचा कारखाना नव्वदच्या दशकाच्या शेवटी मॉरिशसच्या गुंतवणूकदारांनी पुन्हा उभा केला, तेव्हा तिथे ऊस होतो याबद्दल शंका नको. पण एकाच वावरावर किती थर बसलेत ते बघा: आधी गावकऱ्यांची वहिवाट, मग पोर्तुगीज कंपनी, मग सरकारी मळा, मग पळापळ, मग परत आलेल्या किंवा दुसरीकडून विस्थापित होऊन आलेल्या कुटुंबांची मका-ज्वारी, आणि त्याच्यावर आता तुमचा पट्टा. प्रत्येक थरातला माणूस स्वतःला हक्कदार समजतो आणि ऐकून घेतलं तर प्रत्येकाच्या म्हणण्यात काही ना काही तथ्य असतं.

तिथला १९९७ चा जमीन कायदा मात्र चांगला आहे, असं माझं मत. रूढीप्रमाणे जमीन कसणाऱ्या गावाचा हक्क तो कागद नसतानाही मानतो. सद्भावनेने १० वर्षं जमीन वापरणाऱ्या देशी माणसाचाही मानतो. बाहेरच्याला जमीन वापरायचा हक्क द्यायचा तर गावाशी सल्लामसलत करून तिचा लेखी वृत्तान्त ठेवावा लागतो. परदेशी अर्जदाराला आधी २ वर्षांची तात्पुरती मंजुरी मिळते. ठरल्याप्रमाणे काम झालं तरच पुढे ५० वर्षांपर्यंतचा हक्क. म्हणजे "५० वर्षांचा पट्टा तयार आहे" असं जो मध्यस्थ सांगतो, तो कायद्याचा एक अख्खा टप्पा गाळून सांगतोय.

ऊसवाल्यांसाठी आणखी एक गोष्ट महत्त्वाची. मध्यस्थ तुम्हाला शेताची सुरक्षा सांगेल, तुम्ही रस्त्याची विचारा. तोडलेला ऊस एका दिवसात गाळपाला गेला नाही तर साखरेचा उतारा कसा घसरतो हे तुम्हाला मी सांगायला नको. २०१३ मध्ये रेनामो आणि सरकार यांच्यात पुन्हा ठिणगी पडली. तेव्हा देशाच्या उत्तर-दक्षिण मुख्य महामार्गावर सावे नदी ते मुशुंग्वे या टप्प्यात गाड्या लष्करी पहाऱ्यात, ताफ्याने सोडाव्या लागत. युद्ध संपून २१ वर्षं झाली होती. त्या टप्प्यापासून कैक मैल दूर, अगदी शांत असलेल्या शेतालाही डिझेल, खत, सुटे भाग यांच्यासाठी तो रस्ता लागतोच. २०१७ पासून उत्तरेतल्या काबो देल्गादो प्रांतात सशस्त्र बंडखोरी सुरू झाली, ती वेगळीच. आणि भूसुरुंग? देश सुरुंगमुक्त झाल्याची घोषणा २०१५ मध्ये झाली, शांतता करारानंतर २३ वर्षांनी. एवढी वर्षं ज्या रानात कोणी पाऊल टाकत नव्हतं, ते रान कागदावर ओसाडच दिसणार.

रस्त्याची ही काळजी आपल्या सीमाभागाला परकी नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारने परराज्यात ऊस नेण्यावर बंदीची अधिसूचना काढली आणि शेतकरी संघटनांनी विरोध केल्यावर मागे घेतली. डिसेंबर २०२२ मध्ये सीमाप्रश्नावरून वातावरण तापलं, हिरेबागेवाडी टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या गाड्यांवर दगड पडले, दोन्हीकडच्या एसटी थांबल्या. इथे बंदूक नव्हती, टोळ्या नव्हत्या, एकाच देशातली दोन राज्यं होती. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्य पुनर्रचनेत आखलेल्या रेषेवरून निपाणीच्या शेतकऱ्याची कोल्हापूरकडे जाणारी भाजी आजही अडू शकते. मग जिथे लाखो माणसं मेली तिथल्या रेषा वीस-तीस वर्षांत पुसल्या जातील हे धरून चालणं बरोबर नाही. जमिनीच्या रागाचं आयुष्य किती लांब असतं हेही आपल्या मुलखाला माहीत आहे. इंग्रजांविरुद्ध बंड केलेल्या कित्तूरच्या संगोळ्ळी रायण्णाला १८३१ मध्ये खानापूर तालुक्यातल्या नंदगडला फाशी दिली. त्या बंडाच्या मुळाशी कित्तूर संस्थान होतं, तशी खालसा होणारी जमीन आणि वाढता साराही होता. नंदगडला आजही माणसं तिथे माथा टेकवतात.

"एकदा कायदेशीर कब्जा मिळाला की झालं" असं तुमच्या पत्रात एका ठिकाणी लिहिलंय. ते तेवढं सरळ नाही. कोलंबियात बंडखोर, निमलष्करी टोळ्या आणि सरकार यांच्यातल्या संघर्षात लाखो शेतकरी जमिनीवरून उठले. २०११ मध्ये तिथे १४४८ क्रमांकाचा कायदा आला आणि उठवल्या गेलेल्यांना जमीन परत मागता येऊ लागली. मधल्या काळात ज्याने ती रीतसर पैसे मोजून घेतली, त्याने भरपाई हवी असेल तर आपण नुसते प्रामाणिक होतो एवढं सांगून भागत नाही. खरेदीआधी पुरेशी चौकशी केली होती हेही त्यालाच सिद्ध करावं लागतं. मी आपल्या पक्षकारांना हा कायदा मुद्दाम सांगतो, कारण चौकशीची फाइल किती जाड हवी ते त्यावरून कळतं.

साखरेच्या बाबतीत कंबोडियाचं उदाहरण घ्या. १९७५ ते ७९ च्या ख्मेर रूज राजवटीने खासगी मालकीच मोडून काढली, दप्तरं नष्ट झाली, माणसं मरेपर्यंत इकडून तिकडे हाकलली गेली. नंतर परतलेल्यांनी मिळेल तिथे शेती धरली, कागद कोणाकडेच नव्हता. पुढे सरकारने मोठमोठे पट्टे दिले, कोह काँग प्रांतात उसाचे मळे झाले, आणि उठवलेल्या गावकऱ्यांनी २०१३ मध्ये थेट लंडनच्या न्यायालयात ती साखर विकत घेणाऱ्या टेट अँड लाइल कंपनीवर दावा लावला. पट्टा देणारं सरकार खूश असलं तरी माल घेणारा गिऱ्हाईक तुम्हाला प्रश्न विचारू शकतो.

आता दुसरा प्रश्न: आपल्याकडे नाही, मग ते कसे देतात? खरं तर देणारे देशही सगळीकडे देत नाहीत, आणि दिलेलं कायम ठेवतीलच असंही नाही. भीती वाढली की कायदा बदलतो.

पंजाबच्या शेतकऱ्यांचं ऐका, ते तुमच्यासारखेच स्वतःच्या पैशाने गेले होते. २०१२ च्या सुमारास जॉर्जियात स्वस्त आणि सुपीक जमीन मिळते म्हणून अनेक पंजाबी कुटुंबांनी तिथे जमिनी घेतल्या. व्यवहार कायदेशीर होते, देशही तसा शांत. पण त्या देशाने २००८ मध्येच रशियाशी युद्ध केलं होतं, अबखाझिया आणि दक्षिण ओसेशिया हातातून गेले होते. भूमी गमावलेल्या समाजाला परक्याने सातबारा नावावर करून घेणं सोसत नाही. जून २०१३ मध्ये संसदेने परदेशी लोकांना शेतजमीन विकण्यावर तात्पुरती बंदी घातली. घटना न्यायालयाने ती उठवली. अखेर डिसेंबर २०१८ मध्ये लागू झालेल्या घटनादुरुस्तीत अपवाद वगळता शेतजमीन फक्त सरकार आणि नागरिकांचीच असेल असं लिहिलं गेलं. कझाकस्तानात २०१६ मध्ये परदेशी लोकांसाठी पट्ट्याची मुदत २५ वर्षं करण्याच्या विरोधात लोक रस्त्यावर आले, त्यात चीनची धास्ती मोठी होती. सरकारने आधी स्थगिती दिली आणि २०२१ मध्ये परदेशी लोकांना शेतजमिनीची विक्री आणि भाडेपट्टा दोन्ही बंद केले.

मेक्सिकोने तर धडा घटनेतच लिहून ठेवलाय. १८२० च्या दशकात त्यांनी टेक्सासमध्ये अमेरिकी वसाहतवाल्यांना जमिनी दिल्या. १८३६ मध्ये टेक्सास फुटलं, पुढे अमेरिकेत गेलं, आणि १८४६-४८ च्या युद्धात आणखी मोठा प्रदेश गेला. म्हणून १९१७ च्या घटनेच्या २७ व्या कलमात सीमेपासून १०० आणि किनाऱ्यापासून ५० किलोमीटरच्या पट्ट्यात परदेशी माणसाला जमिनीची थेट मालकी नाही. आणि खुद्द अमेरिकेत? २०२२ मध्ये नॉर्थ डकोटातल्या ग्रँड फोर्क्सजवळ एका चिनी समूहाच्या कंपनीने मक्याच्या कारखान्यासाठी ३७० एकर घेतले. वीसेक किलोमीटरवर हवाई दलाचा तळ. जानेवारी २०२३ मध्ये हवाई दलाने लेखी हरकत घेतली, फेब्रुवारीत नगरपरिषदेने प्रकल्प सोडून दिला.

आपण वेगळे आहोत का? बेळगावजवळच्या सांबऱ्याला हवाई दलाची प्रशिक्षण शाळा आहे, शहरात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आहे. लष्करी ठिकाणांजवळच्या बांधकामांवर १९०३ च्या कायद्याने निर्बंध आणता येतात. भिंत घालायच्या वेळी ना हरकत दाखल्याचा विषय निघतो तो यामुळे. परकीय चलन कायद्याच्या नियमांप्रमाणे परदेशी नागरिकाला भारतात शेतजमीन घेता येत नाही. अमेरिकेत, आखातात असलेल्या आपल्या मुलांनाही शेतजमीन, मळा किंवा फार्महाउस खरेदी करता येत नाही, वारसाने मिळू शकतं. कर्नाटकाने २०२० मध्ये जमीन सुधारणा कायद्याची ७९ अ आणि ७९ ब ही कलमं काढून बिगरशेतकऱ्याला शेतजमीन खरेदीची वाट मोकळी केली, तरी परदेशी माणसासाठी दार बंदच राहिलं. १९६२, १९६५ आणि १९७१ च्या युद्धांनंतर चीन आणि पाकिस्तानात गेलेल्यांची मालमत्ता १९६८ च्या शत्रू संपत्ती कायद्याखाली सरकारी अभिरक्षकाकडे आहे, आणि २०१७ च्या दुरुस्तीने वारसांचा मार्गही बंद झाला. एप्रिल २०२० पासून भूसीमा लागून असलेल्या देशांतून येणाऱ्या गुंतवणुकीला सरकारची आधी मंजुरी लागते. हे सगळे निर्बंध आपल्याला रास्त वाटतात ना? मग मोझांबिकच्या शेतकऱ्यालाही त्याची भीती रास्तच वाटणार, एवढं धरून बोलणीला बसा.

जमीन न घेता शेतीत पैसा कसा घालता येतो त्याचंही उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. बेळगावातून सुरू झालेल्या रेणुका शुगर्सवर २०१८ पासून सिंगापूरच्या विल्मार कंपनीचं नियंत्रण आहे. कारखाना त्यांचा, ऊस आपला, रान आपल्याच नावावर. हीच रेणुका २०१० च्या सुमारास ब्राझीलमध्ये गेली होती, तिथले साखर कारखाने घेतले आणि २०१५ मध्ये तिच्या ब्राझीलमधल्या कंपनीला कर्जापोटी न्यायालयाचं संरक्षण मागावं लागलं. तिथे कोणी गोळी झाडली नव्हती. साखरेचे पडलेले भाव, कर्ज आणि हवामान एवढंच पुरे झालं. म्हणून सुरक्षेचा हिशेब स्वच्छ निघाला तरी धंद्याचा हिशेब वेगळा मांडावा लागतो.

तुमच्या जागी मी असतो तर जमीन मागितलीच नसती. ठिबक, बेणं, खोडवा व्यवस्थापन, यंत्राने तोडणी, हे तुमचं खरं भांडवल आहे. तिथल्या चालू कारखान्याच्या भोवतालच्या लहान शेतकऱ्यांना ते द्या आणि उसाच्या पैशातून वाटा घ्या. नफा सावकाश येईल, पण परत आलेला माणूस तुमच्याकडे बेणं मागायला येईल, जमीन मागायला येणार नाही. तरीही पट्टाच हवा असेल तर हजार हेक्टर एकदम अंगावर घेऊ नका. पन्नासेक हेक्टरचा पहिला टप्पा, प्रत्यक्ष कब्जा मिळेल तेवढ्याचंच भाडं, आणि एका हंगामानंतर दंड न भरता बाहेर पडायची सोय, हे करारात लिहून घ्या. वाद झाला तर लवाद त्या देशाबाहेर हवा, कारण सरकारांमधल्या करारावर विसंबता येईल अशी स्थिती नाही: भारताने बहुतेक जुने द्विपक्षीय गुंतवणूक करार २०१६-१७ च्या सुमारास संपवले, आणि आपल्या २०१५ च्या नमुना करारात आधी ५ वर्षं स्थानिक न्यायालयात झगडण्याची अट आहे. युद्ध, सरकारजमा आणि पैसे बाहेर काढण्यावर बंदी यांच्यासाठी ईसीजीसी या भारत सरकारच्या विमा कंपनीचा आणि जागतिक बँक समूहातल्या मिगा या संस्थेचा विमा असतो. त्यांच्याकडे चौकशी जरूर करा, विमा काढायचा नसला तरी. ते किती हप्ता मागतात, किंवा नकारच देतात का, यावरून त्या जिल्ह्याबद्दल कोणत्याही एजंटापेक्षा जास्त कळतं. पैसा फक्त बँकेमार्फत, वर्षाला माणशी अडीच लाख डॉलरच्या मर्यादेत. एजंटाच्या खात्यावर किंवा रोखीने काही नको.

तुम्ही पाठवलेल्या मसुद्याला जोडलेला नकाशा मी बराच वेळ बघितला. चार कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश आहेत, नदी आहे, प्रस्तावित पंपाची जागा आहे. गावाचं एकही नाव नाही, पायवाट नाही, विहीर नाही, दफनभूमी नाही. तेच अक्षांश-रेखांश घालून उपग्रहाच्या मागच्या वर्षांच्या प्रतिमा उघडल्या, तर नदीच्या वळणावर लहान लहान शेतांचे तुकडे दिसतात. एका वर्षी हिरवे, दुसऱ्या वर्षी जळीत केल्यासारखे काळपट, आणि त्यांच्याकडे जाणारी एक बारीक पांढरी वाट, जी तुमच्या प्रस्तावित पंपाजवळच पाण्याला भिडते. तिथे माणसं कसतात, आणि पाणी भरायला तिथेच येतात.

तेव्हा मध्यस्थाकडे तीन गोष्टी मागा: त्या गावांशी झालेल्या सल्लामसलतीचा सह्यांसकट वृत्तान्त, १९९२ पूर्वी ती जमीन कोणत्या मळ्याकडे होती त्याचा कागद, आणि नदीच्या वळणावरचे तुकडे कोण कसतं त्यांची नावं. ते मिळाल्यावर तुमच्यापैकी दोघांनी एकदा पावसाळ्यात आणि एकदा कोरड्या दिवसांत तिथे जाऊन राहावं, कारण गुरं घेऊन फिरणारी माणसं आणि पुराचं पाणी एकाच ऋतूत दोन्ही दिसत नाहीत. दुभाषा एजंटाचा नको, स्वतःचा न्या. वृत्तान्ताची प्रत पोर्तुगीजमध्येच असेल. ती भाषांतर न करता तशीच माझ्याकडे आणा, गोव्यातून वाचून घ्यायची व्यवस्था मी करतो.